एका पत्रात एकच विषय

सरांकडे कोणी गेलं की ते ‘या, बसा’ म्हणत नसत. चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, “विषय?”

आलेला माणूस गांगरायचा. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असायचा, कोणी विजेच्या बिलाची तक्रार घेऊन, कोणी नुसताच. नुसत्या आलेल्याची फार पंचाईत. माझे धाकटे दीर एकदा सहज डोकावले, तर ‘विषय?’ ऐकून इतके घाबरले की “विषय काई नाई, सर,” म्हणत चपला न घालताच जिना उतरून आले. सरांनी त्या चपला जुन्या वर्तमानपत्रात बांधल्या, वर ‘विसरलेली वस्तू, नग दोन’ असं टाइप करून चिकटवलं आणि आमच्या किराणा दुकानात स्वतः आणून दिल्या. दिल्यावर वही पुढे केली. पोच म्हणून सही पाहिजे होती.

सिंदीत, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे ह्या गावात, बाजाराच्या रस्त्यावर एका कापडदुकानाच्या माडीवर सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चौदा यंत्रं, नऊ मराठी, पाच इंग्रजी, त्यातली दोन कायम आजारी. खालून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायच्या, खिडकीतून रुई उडत यायची आणि यंत्रांच्या अक्षरांत जाऊन बसायची. दर शनिवारी आम्ही जुन्या टूथब्रशांनी यंत्रांचे दात घासायचो. गावातली पोरं सरांना ‘खडखडसर’ म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी.

सर कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती त्यांच्या अंगाला लागलेली नव्हती. शर्टाच्या खिशाला तीन पेनं असत. निळं लिहायला, लाल चुका दाखवायला आणि हिरवं कशालाच नाही. हिरवी शाई साहेबांची. आपण साहेब झालो नाही म्हणून ते पेन त्यांनी कधी उघडलं नाही आणि खिशातून कधी काढलंही नाही. घरी त्यांच्या दोन वह्या असत, आवक आणि जावक. गेलेलं प्रत्येक पत्र क्रमांकासह जावकेत. स्वतःच्या मेव्हण्याला पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छांनासुद्धा जावक क्रमांक होता.

आणि साऱ्या गावाची पत्रं तेच लिहीत. शेतकऱ्यांचे अर्ज, विधवांच्या पेन्शनची प्रकरणं, पोरांच्या नोकरीचे फॉर्म. पैसे घेत नसत, पण अट एक होती. एका पत्रात एकच विषय.

“दोन विषय टाकले ना बाई, का बाबू सोपा तेवढा विषय उचलते, त्याचं उत्तर देते अन् फाइल बंद करते. अवघड विषय मंग जन्मभर बसते तसाच,” ते मला सांगत. तीस वर्षं ते स्वतःच तो बाबू होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एकदा समुद्रपूरकडे जाणारी एक नवी बस सुरू झाली. गावातल्या बायांना ती शाळेपाशी थांबायला हवी होती. अर्जात बस सुरू केल्याबद्दल आभार मानायचे आणि थांबा मागायचा, इतकं साधं काम. सरांनी फक्त आभाराचं पत्र लिहिलं. “आधी आभार पोचू द्या. त्यायची पोच आली का मंग मागू.” पोच यायला दोन महिने लागले. तोवर प्रवासी मिळत नाहीत म्हणून बस बंद झाली होती. बाया चिडल्या. सर म्हणाले, “झालं ना सोपं? आता विषय एकच राह्यला.” आणि बस पुन्हा सुरू करण्याचं पत्र लिहायला बसले.

देवालाही सूट नव्हती. वर्षातून एकदा परीक्षा झाली की ते सगळ्या वर्गाला केळझरच्या गणपतीला नेत. स्वतः आत जाऊन हात जोडून मागच्या वर्षीच्या निकालाचे आभार मानत, बाहेर येत, चपला घालत, मग चपला काढून पुन्हा आत जात आणि ह्या वर्षीचा निकाल मागत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या असत. “देवाले बी सही मागतीन एखाद्या दिवशी,” त्या आम्हा पोरींना सांगत, सरांना ऐकू जाईल अशा बेताने.

आता ह्या सगळ्यात मी कुठे होते ते सांगते. मी तिशीत त्यांच्याकडे टायपिंग शिकायला गेले. लग्न होऊन किराणा दुकानवाल्यांच्या घरी आलेली सून, दोन पोरं शाळेत, दुपार मोकळी. शिकले, बरी परीक्षा दिली, तर सरांनी मला तिथेच शिकवायला ठेवलं. आमच्यापासून चार घरांवर राहणाऱ्या माणसाने मला नेमणुकीचं पत्र पोस्टाने पाठवलं.

त्या काळातली मी कशी होते, हे आठवलं की आज मलाच तिचा कान धरावासा वाटतो. वर्ध्याच्या वाचनालयातून पिशवी भरून पुस्तकं आणायची, वाचायची आणि आपण सिंदीत चुकून उतरलेल्या पॅसेंजर आहोत, आपली खरी गाडी पुढेच कुठेतरी उभी आहे, अशा चेहऱ्याने बाजारातून चालायची. बोलताना मुद्दाम ‘मला’ आणि ‘तुला’ म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, “मले म्हनलं तं तोंड भाजते का व तुयं?” भाजत नव्हतं. पण मान जरा उंच ठेवायची सवय लागली होती आणि उंच मानेला पायाखालचं दिसत नाही.

तर नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुण्याच्या एका संस्थेने बायकांसाठी विनोदी लेखांची स्पर्धा ठेवली. मी तीन दुपारींत लेख लिहिला. विषय शोधायला कुठे जावं लागलं नाही. तो समोरच्या टेबलाशी बसून लाल पेनाने पोरांच्या चुका काढत होता. लेखाचं नाव ठेवलं ‘सिंदीचे खडखडसर’. त्यात चपला घातल्या, केळझर घातलं, बस घातली आणि शेवटच्या पानावर, फार हुशार वाटलं म्हणून, एक ओळ घातली. त्या ओळीकडे मी येतेच.

सरांना कळलं तर काय, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण पुण्याचं छापलेलं सिंदीत कोण वाचतं, हे उत्तरही माझ्याकडे तयार होतं.

प्रवेशिकेवर ई-मेलची जागा होती. आमच्याकडे ई-मेल कुठला? बाजारातल्या एसटीडी बूथवाल्याने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, त्याचाच पत्ता निम्मं गाव देई. मीही दिला. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. बूथवाल्याला इंग्रजीची धास्ती होती आणि तेव्हा मेल इंग्रजीतूनच येत. त्यामुळे आलेला प्रत्येक मेल तो छापायचा आणि ज्याचा त्याला द्यायच्या आधी सरांना नेऊन दाखवायचा. सर त्यावर तारखेचा शिक्का मारत. “शिक्का नाई तो कागद नाई, निस्ती गोष्ट हाये,” असं त्यांचं ई-मेलबद्दलचं मत होतं. हे मी आज नातीला सांगते तेव्हा तिला वाटतं म्हातारी रचून सांगते आहे. तिला कोणी बक्षीस दिलं तर ती फोनवरून अंगठा पाठवते आणि झालं.

एका दुपारी मी वर्गावर गेले, तर सर खुर्चीतून उठून उभे राहिले. हातात शिक्का मारलेला कागद होता.

“बाई, तुमचं अभिनंदन. पुण्याहून पयलं बक्षीस हाये. विनोदी लेखनाले.”

सगळी यंत्रं थांबली.

“हात काऊन थांबले?” सर वर्गावर ओरडले. “बक्षीस बाईले हाये. तुम्ही चालू द्या.”

खडखड पुन्हा सुरू झाली. मेल छोटा होता. बक्षीस मान्य असल्याचं आठ दिवसांत ई-मेलनेच कळवावं, न कळवल्यास ते पुढच्या स्पर्धकाला जाईल. समारंभ कधी, कुठे, राहायचं काय, जायचं कसं, ह्याबद्दल एक अक्षर नाही. विचारल्यास कळवू, इतकंच.

आणि मला ते अक्षर हवं होतं, कारण घरी सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता निकाल देऊन टाकला होता. “जाजो ना पुण्याले. मी कुठं नाई म्हनते? पन कुठं राह्यशीन, संग कोन येईन, कोन उतरवून घेईन, हे सारं कागदावर आन. मंग पाहू.” मी नवऱ्याकडे पाहिलं. ते साखर तोलत होते. काट्यावरची नजर न काढता म्हणाले, “आई म्हन्ते ते बराबर हाये.” म्हणजे मेलमध्ये दोन गोष्टी जायलाच हव्या होत्या, बक्षीस मान्य आणि तपशील द्या. एका पत्रात, आठ दिवसांत. आणि पत्र लिहिणार कोण, तर सर.

दुसऱ्या दुपारी सरांनी इंग्रजी यंत्रावर कागद चढवला. तारीख, प्रति, विषय. मग त्यांचं बोट थांबलं.

“संदर्भ लिहा लागते. लेखाचं नाव सांगा.”

मेलमध्ये नुसतं ‘आपला विनोदी लेख’ होतं. हे नाव मला सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक गाय कापडदुकानाची पायरी चाटत उभी होती.

“आमची गाय,” मी म्हटलं.

“गाय? विनोदी?”

“थोडी विनोदी आहे.”

“तुमच्या घरी गाय कधी होती, बाई?”

“माहेरची, सर.”

“माहेर तं तुमचं रेल्वेच्या क्वार्टरमंधी होतं म्हन्ता ना?”

“तिथे यायची ती.”

सरांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. मग त्यांनी टाइप केलं, ‘युवर ॲवॉर्डेड आर्टिकल, अवर काऊ’. प्रत्येक अक्षर माझ्या कपाळावर आपटल्यासारखं वाजलं.

पुढे सगळं फार सुंदर होतं. आपल्या कृपापत्राच्या संदर्भात, खाली सही करणारी नम्रपणे बक्षिसाचा स्वीकार करते, वगैरे. चार खर्डे झाले. चौथ्याच्या शेवटी मी म्हटलं, “सर, खाली दोन ओळीत तपशीलही विचारू या ना. राहायचं वगैरे.”

“तो दुसरा विषय झाला.”

“पण घरी कागद पाहिजे, सर.”

“कागद भेटन ना. पयले तुम्ही काय घेता ते कबूल करा. त्यायची पोच येऊ द्या. मंग मागू. कबूल कराच्या कागदावरच राह्याची सोय मागितली, तं ते म्हनतीन, बाई लेखासाठी नाई लिहत, पुणं पाहासाठी लिहते.”

हे थोडंसं खरंही होतं, म्हणून मी सहीला पेन घेतलं.

पण गाय मला गिळत होती. माझी सही झाली, खाली टाइप करणारा म्हणून सरांची झाली, मी कागद घेतला आणि बूथवर सरांच्या आधी पोचले.

“हे काऊवालं तेवढं वगळून पाठव,” मी बूथवाल्याला सांगितलं.

“खाली सरची सही हाये, वयनी.”

“माझी पण आहे.”

“तुमची हाये, पन सरची बी हाये. त्यायची सही झाल्यावर मी कॉमा नाई हालवत. मागं एकडाव हालवला तं तीन महिने बोलले नाई मायाशी.” आणि तो एकेका बोटाने गाय टाइप करायला लागला.

परत येताना मी स्वतःची समजूत घातली. पुण्याचे लोक कामात असतात, नावाकडे कोण बघतंय. त्या वेळच्या माझ्या शहाणपणाची ही इयत्ता होती.

पुण्याच्या लोकांनी नावाकडे बघितलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. ‘अवर काऊ’ नावाचा कोणताही लेख आपल्याकडून आमच्याकडे आलेला नाही. बक्षीस ‘सिंदीचे खडखडसर’ ह्या लेखाला आहे. त्याच्या लेखिका आपणच असाल तर शनिवार संध्याकाळपर्यंत खुलासा करावा, अन्यथा बक्षीस दुसऱ्या क्रमांकाला देण्यात येईल. लेखाचं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पण वाचता येणार नाही असं त्यात काही नव्हतं. बूथवाल्याने तो कागद नेहमीसारखा सरांकडे नेला. त्यांनी त्यावर नेहमीसारखा शिक्का मारला.

तो दिवस गुरुवार होता. मी वर्गावर गेले तेव्हा सर टेबलाशी बसले होते. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

“विषय?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी नोकरीतली होते. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मी वाचला आणि तिथेच स्टुलावर बसले.

“पोरं मले खडखडसर म्हन्तेत, ते मले ठाऊक हाये,” सर हळू म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. “बारा वर्षं झाली. तुम्ही बी म्हन्ता, ते आज समजलं.”

इतकी पुस्तकं वाचली होती, त्यातलं एक वाक्य कामी आलं नाही.

“लेखाची स्थळप्रत घेऊन या.”

स्थळप्रत होती. कार्बन घातल्याशिवाय कागद चढवायचा नाही हे त्यांनीच शिकवलं होतं. मी घरी जाऊन ट्रंकेतून ती काढली. परत जाताना मी इतक्या सावकाश चालले की दारातून सासूबाईंनी विचारलं, पायाला काय झालं.

सरांनी पेन्सिल घेतली आणि वाचायला लागले. मी समोर उभी. आजूबाजूला चौदा यंत्रं, त्यातली बारा चालू. चपलांपाशी त्यांच्या मिशा जरा हलल्या. बसच्या ठिकाणी त्यांनी मान डोलावली, कारण तिथे मी पत्रांचा क्रम बरोबर लिहिला होता. केळझरपाशी पेन्सिल टेकली. “तीनदा आत नाई गेलतो. दोनदाच. हे दुरुस्त करा.” दुसरं पान उलटलं. तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला, ते थांबले.

ती ओळ अशी होती: ‘साऱ्या गावाची पत्रं लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांना स्वतःला मात्र कधी कुणाचं पत्र येत नाही, जावकेच्या वह्या त्यांना पुरत नाहीत आणि आवकेची वही अगदीच रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी तीत लाइटबिल चिकटवलं आहे.’

हे मी स्वतः पाहिलं होतं. एकदा वही उघडी राहिली होती, त्यात. पाहिलं तेव्हा हसू आलं आणि घरी येऊन लिहून टाकलं. त्या माणसाच्या साऱ्या आयुष्यात दर तीन वर्षांनी बदली झाली होती, मूलबाळ नव्हतं, ज्या गावातून उठले ते गाव त्यांना विसरलं होतं. हे सगळं मला काकूंकडून माहीत होतं. माहीत असून लिहिलं. आणि लिहून खुश झाले असणार, कारण त्या जागी कार्बन कॉपीतसुद्धा पूर्णविराम जरा जोरात उमटला आहे.

सरांची पेन्सिल त्या ओळीवर टेकली. ते तिथे ‘खोटं’ असं लिहितील म्हणून मी वाट पाहत होते. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी काहीच लिहिलं नाही. उरलेल्या ओळी संपवल्या, कडा जुळवल्या.

“सर,” मी म्हटलं, “मी बक्षीस घेत नाही. नको म्हणून कळवून टाका.”

“नाकाराले कारन लागते. कारन काय लिहू? लेख खरा निंघाला म्हनून?”

मी रडले. वर्गातल्या पोरींनी पाहिलं, पण हात चालू ठेवले. सरांची शिस्त.

सरांनी इंग्रजी यंत्र ओढलं, एक मूळ आणि दोन प्रती असे कागद चढवले आणि खर्डा न करता थेट टाइप करायला लागले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. आधीच्या पत्रातील लेखाचे नाव ह्या कार्यालयाच्या टंकलेखनातील चुकीमुळे चुकीचे पडले, त्याबद्दल दिलगीर आहोत. ‘सिंदीचे खडखडसर’ हा लेख सदर बाईंनीच लिहिलेला आहे.

“सर, टायपिंगची चूक नव्हती ती. मी खोटं बोलले होते.”

“ऑफिसातून कागद गेला का चूक ऑफिसची. बाईची नसते.”

ज्यांच्या हातून तीस वर्षांत एक अक्षर चुकीचं पडलं नव्हतं, आणि हे जे स्वतः दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगत, त्यांनी ते वाक्य टाइप केलं आणि खाली जागा न सोडता पुढे गेले. सदर बाई बक्षिसाचा स्वीकार करीत आहेत. आणि मग, त्याच कागदावर, पुढील तपशील कळवावा ही विनंती.

“सर, हा दुसरा विषय,” माझ्या तोंडून गेलं.

“शनिवार परवा हाये, बाई,” ते म्हणाले. मान वर केली नाही.

अ, समारंभाचा दिवस, वेळ व स्थळ. ब, मुक्कामाची व्यवस्था, स्त्रियांसाठी वेगळी असल्यास तसे. क, स्टेशनवर उतरवून घेण्यास कोणी येईल काय. ड, सोबत एक नातेवाईक आणता येईल काय. एवढ्यावर संपेल असं मला वाटलं. सरांनी एक ओळ सोडली आणि इ टाइप केलं.

इ, लेखात वर्णन केलेल्या व्यक्तीस समारंभास हजर राहण्याची परवानगी आहे काय. असल्यास, पत्नीसह.

मी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. तुम्हाला वाटेल कृतज्ञतेने लावला असेल. छे. तेव्हाच्या त्या शहाणीला वाटलं, हे पुण्याला येऊन चारचौघांत माझी शोभा करणार. उभे राहून सांगणार, ह्या बाईने मला न विचारता लिहिलं, आधी गाय म्हणाली.

बूथवाल्याने कॉमासुद्धा न हलवता मेल पाठवला. शुक्रवारी सकाळी पुण्याचं उत्तर आलं आणि अ ते इ सगळ्यांना ओळीने होकार होता. सासूबाईंनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “सर अन् काकू संग हायेत ना? मंग जाय.” ज्यांची टिंगल केली, त्यांच्याच भरवशावर मला घरून परवानगी मिळाली. नवऱ्याने दुकानातून वाटेसाठी शेंगदाणे बांधून दिले.

सभागृह फार मोठं नव्हतं, पण भरलेलं होतं. पुण्याच्या बायका, चांगल्या साड्या, हळू आवाजात बोलणं. सर आणि काकू पहिल्या रांगेत बसले. सरांनी कोट घातला होता आणि मांडीवर स्थळप्रत ठेवली होती. ती त्यांनी माझ्याकडे परत दिलीच नव्हती. हातात पेन्सिल. मला स्टेजवरून ती पेन्सिल स्पष्ट दिसत होती.

बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, आणि मग लेख वाचायचा होता. ती ओळ वाचायची नाही, हे मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं. संस्थेने वाचायला परत दिलेल्या मूळ प्रतीवर तिच्याभोवती बारीक चौकोनही केला होता. मी वाचायला लागले. चपलांना लोक हसले. बसला हसले. केळझरला, दोनदा आत गेलेल्या सरांना, फार हसले. सर पेन्सिल ओळीखालून सरकवत होते, ओठ हलवत होते. काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तिसरं पान आलं. मी चौकोनावरून उडी मारली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

“ओळ सुटली.”

सभागृहात कोण बोललं ते कोणाला कळलं नाही. अध्यक्षबाई इकडे तिकडे पाहायला लागल्या. सर उभे राहिले होते, कागद डोळ्यांजवळ धरून, जसे ते वर्गात उभे राहत.

“पान तीन. खालून चौथी. ओळ सुटली, बाई.”

“सर...” मी माइकमध्येच म्हटलं.

“वाचा.”

मी वाचली. एवढं आठवतं की ‘आवकेची वही’ म्हणताना मी कागदाकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होते आणि ते माझ्याकडे नाही, कागदाकडे पाहत होते. लाइटबिलापर्यंत पोचले. कोणी हसलं नाही. समोर उभा असलेला हा लांबट कोटवाला माणूस कोण, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

त्या शांततेत काकूंचा आवाज आला. त्यांना वाटलं त्या सरांच्या कानात बोलताहेत.

“लाइटबिल कुठं होतं जी ते? पान्याचं होतं.”

पहिले हसले ते सर. खांदे हलवून, आवाज न करता, कागद तोंडापुढे धरून. मग काकू. मग सगळं सभागृह. मी माइकला धरून उभी होते, हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. सरांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला, लाइटबिल खोडून वर ‘पाणी’ असं लिहिलं, समासात बरोबरची खूण केली आणि खाली बसत म्हणाले, “हं. पुढं.”